पहिला पीसी जोडताना: आधी करंट, मग एसएसडी, जुनी डिस्क सगळ्यात शेवटी

खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं विचारलंय. बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्वतः साठवलेल्या पैशांतून पार्ट घेतलेत. प्रोसेसर, रॅम, कूलर बसवून मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रू करून झालाय आणि आता एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला करंट पुरवणाऱ्या डब्याच्या, तारांचा गठ्ठा हातात घेऊन तो थांबलाय. आठ पिनांच्या दोन केबल सारख्याच दिसतात, त्यातली कुठली कुठे लावायची? हार्ड डिस्कच्या जागेपर्यंत केबल पोचत नाही म्हणून मित्रानं स्वतःच्या एसएमपीएसची जादा केबल दिलीय, ती चालेल का? एम.टू एसएसडीला, म्हणजे सरळ बोर्डावरच बसणाऱ्या डेटा साठवायच्या पट्टीला, करंट कुठून द्यायचा? घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची ५०० जीबीची डिस्क यातच लावायचीय, तिच्यात आजोबांच्या भजनांची रेकॉर्डिंग आहेत. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेणार आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, पण ते सगळ्यांकडेच होतं ना?’

बाळा, तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मला तिचीच काळजी वाटली.

हो, आपल्याकडे बऱ्याच घरांत तसं होतं. म्हणून ते बरोबर ठरत नाही. एसएमपीएसच्या आत, जिथं भिंतीतला करंट शिरतो तिथं, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर लावलेला असतो. त्याचं काम करंटमधला नको तो गडबड-गोंगाट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत सोडायचं. अर्थिंगच नसेल तर तो पत्रा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर जाऊन बसतो. करंट अगदी बारीक असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. टेस्टर लावलास तर दिवा मिणमिणतो. पण तोच करंट उद्या एचडीएमआयच्या किंवा यूएसबीच्या केबलमधून दुसऱ्या यंत्रात जायला बघतो. पोर्ट जळलेले कितीतरी बोर्ड माझ्या दुकानात दुरुस्तीला आले, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे दोनच तारा होत्या, वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. आणि एसएमपीएसच्या आत कधी फेजची तार खरोखरच पत्र्याला टेकली, तर अर्थिंग नसलेल्या घरात मधे फक्त माणूस असतो.

तेव्हा नवीन पीसी भिंतीत लावायच्या आधी गावातल्या वायरमनला बोलव. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट येतात ते मीटर लावून बघू दे. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्थिंगचा खड्डा असेल आणि उन्हाळ्यात झिणझिण्या वाढत असतील तर खड्डा कोरडा पडलाय असं समज. आपल्या तांबड्या मातीत एप्रिल-मे महिन्यांत ओल राहत नाही, अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. हा खर्च पीसीच्या खर्चातच धर.

आता जोडणीकडे. माझा एकच नियम आहे आणि तो मी दुकानात कामाला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो: सगळं एकदम जोडून बटण दाबायचं नाही. आधी नुसता करंट जोडायचा, एकही डिस्क न लावता मशीन चालू होतंय का बघायचं. मग एसएसडी. मग विंडोज. ज्या डिस्कमध्ये परत न मिळणारी गोष्ट आहे ती सगळ्यात शेवटी. असं केलं की काही बिघडलं तर आत्ता जे जोडलं त्यातच दोष आहे हे कळतं, आणि आजोबांचा आवाज त्या गोंधळात सापडत नाही.

काम करताना प्लग भिंतीतून पूर्ण काढलेला पाहिजे. इंटरनेटवर काही जण सांगतात की प्लग लावून ठेवा, बटण बंद करा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज अर्थिंगमधून जाते. जिथं अर्थिंग नक्की आहे तिथं ते खरं आहे. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये कितीदा बटण न्यूट्रलवर घातलेलं असतं, म्हणजे बटण बंद असूनही फेज आत आलेली असते. तो सल्ला तू मानू नकोस. प्लग काढ, कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लाव आणि मधूनमधून परत लावत राहा. पावसाळ्यात स्टॅटिकची फारशी भीती नाही, हवाच ओली असते. डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, लोकरीचा स्वेटर घालून मात्र बोर्डाला हात लावू नकोस. सतरंजीवर बसून नको, लाकडी टेबलावर काम कर.

पहिली केबल २४ पिनांची. ती एकच असते, चुकायला वाव नाही. काही एसएमपीएसमध्ये २० आणि ४ असे दोन तुकडे असतात, ते शेजारी धरून एकत्र घालायचे. बोर्डावर रॅमच्या बाजूला, उजव्या कडेला हिची जागा. नवीन माणूस इथं घाबरतो, कारण ही केबल खरोखरच जोर मागते. एका हाताची बोटं बोर्डाच्या कडेखाली आधाराला ठेव, म्हणजे बोर्ड वाकणार नाही, आणि दुसऱ्या हातानं सरळ खाली दाब. क्लिप ‘टक्’ करून खाचेत बसली पाहिजे. बसल्यावर केबलचं प्लॅस्टिक आणि बोर्डाचा सॉकेट यांच्यामध्ये नख शिरता कामा नये. शिरत असेल तर अर्धवट बसलीय. अर्धवट बसलेली केबल चालते, हाच तिचा धोका: महिनाभरानं पिना तापून पिवळट पडलेल्या दिसतात.

आता तुझ्या आठ पिनांच्या केबल. इथं जरा सावकाश वाच.

त्यातली एक प्रोसेसरची आहे आणि दुसरी ग्राफिक्स कार्डाची. दोन्हींतून १२ व्होल्टच येतात, दोन्ही काळ्या, दोन्हींना आठ पिना. पण आतली मांडणी उलटी आहे. प्रोसेसरच्या केबलमध्ये चार पिना १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या, आणि १२ व्होल्टच्या चारही क्लिपच्या बाजूला. कार्डाच्या केबलमध्ये तीन पिना १२ व्होल्टच्या आणि पाच ग्राउंडच्या, आणि तिथं क्लिपच्या बाजूला ग्राउंड. म्हणजे एकीची जागा दुसरीनं घेतली तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. चांगला एसएमपीएस असेल तर तो ते ओळखून स्वतःच बंद होतो. स्वस्तातला कदाचित होणार नाही.

ओळखायचं कसं? तारांचे रंग पिवळे-काळे असतील तर मोजून बघ: चार पिवळ्या म्हणजे प्रोसेसर, तीन पिवळ्या म्हणजे कार्ड. हल्ली सगळ्या तारा काळ्याच येतात, तेव्हा केबल कुठं फुटते ते बघ. प्रोसेसरची चार आणि चार अशी फुटते. कार्डाची सहा आणि दोन अशी, आणि त्या दोन पिनांचा तुकडा शेपटीसारखा लोंबत असतो. बहुतेक वेळा टोकाला ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआय-ई’ असं छापलेलं असतं. ते अक्षर इतकं बारीक असतं की मी आता मोबाईलचा टॉर्च लावूनच वाचतो. आणखी एक खूण म्हणजे पिनांचे आकार. प्रत्येक केबलच्या तोंडाकडून पाहिलंस तर काही घरं पूर्ण चौकोनी दिसतील आणि काहींचे दोन कोपरे छाटलेले. हे छाटलेले कोपरे कुठल्या घरांना आहेत ते दोन्ही केबलींत वेगळं आहे, म्हणून चुकीची केबल सहजी आत जात नाही. पण प्लॅस्टिक मऊ असतं आणि माणूस हट्टाला पेटला की जाते. आता तू म्हणशील, २४ पिनांची केबलही जोर मागते, मग फरक कसा कळणार? बरोबर जागी केबल आधी थोडी आत सरकते आणि मग शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जोर लागतो. चुकीच्या जागी ती तोंडाशीच अडते, आत शिरतच नाही. तोंडाशी अडली की हात काढून घे आणि टॉर्च लाव.

प्रोसेसरच्या केबलची जागा बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असते. खरं तर बोर्ड स्क्रू करायच्या आधीच ती मागच्या बाजूनं वर ओढून ठेवायची असते. तुझा बोर्ड बसून गेलाय, त्यामुळे बोटं शिरायला त्रास होईल. कॅबिनेटचा वरचा पंखा काढावा लागला तर काढ, पण केबल प्रोसेसरच्या कूलरवरून आडवी नेऊ नकोस. काही बोर्डांवर आठाच्या शेजारी अजून एक चारचा सॉकेट असतो. तुझ्याकडच्यासारख्या साध्या प्रोसेसरला आठ पुरतात, चार रिकामा राहिला तरी चालतो. ही केबल विसरली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. बोर्ड खराब निघाला म्हणून कोल्हापूरला परत न्यायला निघालेल्या एका गिऱ्हाइकाला मी बसस्टँडवरून माघारी बोलावलं होतं, कारण फोनवर बोलताना कळलं की वरच्या कोपऱ्यात त्यानं काहीच लावलं नव्हतं.

कार्डाची केबल सध्या गुंडाळून ठेव. पुढच्या वर्षी कार्ड घेशील तेव्हासाठी एवढंच लक्षात ठेव: बोर्डाचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो, सहा पिनांची केबल ७५, आठ पिनांची १५०. दोन आठ पिनांचं कार्ड असेल तर शक्यतो दोन वेगळ्या केबल लाव, एकाच केबलचे दोन फाटे नकोत.

त्यावरून आठवलं. एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर वाच, डब्यावरचा मोठा आकडा नव्हे. स्टिकरवर एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. १२ ला त्या आकड्यानं गुण. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एका एसएमपीएसवर बाहेर ४५० वॉट लिहिलं होतं आणि तक्त्यात १२ व्होल्टला १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, तेव्हा खरा एसएमपीएस १६८ चाच. आणि मागच्या बाजूला ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल सरकतं बटण असेल तर ते २३० वरच पाहिजे. जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसना ते अजून असतं. ११५ वर राहिलं आणि आपला करंट दिला तर मोठा आवाज होऊन आतला कपॅसिटर फुटतो.

आता मित्रानं दिलेली केबल.

ती लावू नकोस. परत देऊन टाक.

तुझा एसएमपीएस असा आहे की त्याच्या काही केबल दोन्ही टोकांनी सुटतात. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्या जगात सारखं आहे. एसएमपीएसच्या बाजूचं टोक सारखं नाही. प्रत्येक कंपनी तिथं पिना आपल्या मनानं मांडते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मांडणी वेगळी असते. आणि वाईट असं की आकार बऱ्याचदा जुळतो, केबल आरामात बसते, क्लिपही ‘टक्’ करते. मघाशी सांगितलेली तोंडाशी अडण्याची खूण इथं उपयोगाची नाही. डिस्कला ज्या तारेतून ५ व्होल्ट जायला हवेत तिच्यातून १२ जाऊ शकतात.

ही चूक मी स्वतः केलीय. लग्नसराईचे दिवस होते. लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा एसएमपीएस गेला, मी नवीन बसवला, त्याच्या डब्यातली केबल आखूड पडली म्हणून शेल्फवरची दुसरी घेतली. बसली, म्हणून मी पुढं विचार केला नाही. बटण दाबल्या दाबल्या पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. डिस्कमध्ये चार लग्नं होती, अजून कुणालाच अल्बम दिलेले नव्हते. तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसून होता आणि काही बोलत नव्हता.

डिस्कच्या खालची हिरवी पट्टी काढून भिंगाखाली बघितली. करंट जिथं शिरतो तिथं तांदळाच्या दाण्याएवढे दोन काळे तुकडे असतात, टीव्हीएस डायोड. व्होल्टेज वाढलं की ते स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या सर्किटला वाचवतात. ५ व्होल्टचा डायोड मेला होता आणि त्यानं खरंच बाकीचं वाचवलं होतं. सोल्डरिंग आयर्ननं तो काढला, स्वतःच्या भरवशाच्या एसएमपीएसवर डिस्क लावली, ती फिरली. रात्री दुकान उघडं ठेवून सगळं दुसऱ्या डिस्कवर घेतलं. नवीन डिस्क माझ्या पैशानं घेऊन दिली, जुनी परत वापरू दिली नाही, कारण तिचं संरक्षण आता गेलं होतं. हा उपाय तू करू नकोस. तो दर वेळी लागू पडत नाही. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक एसएमपीएसच्या केबल त्याच्याच पिशवीत, पिशवीवर मॉडेल नंबर लिहून ठेवलेल्या असतात. तूही तुझी पिशवी जपून ठेव.

केबल आखूड पडते त्याला साधे उपाय आहेत. आधी डिस्कची जागा बदलून बघ. बहुतेक कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला किंवा खाली दुसरी जागा असते. डिस्कला लागणाऱ्या टोकाला साटा म्हणतात; नाहीच जमलं तर साटा ते साटा अशी वाढीव केबल मिळते. ती डिस्कच्या बाजूच्या टोकाला लागते, आणि ते टोक सगळीकडे सारखं असल्यामुळे धोका नाही. घेताना टोक बघून घे: तारा एकेक करून पिनेत दाबून बसवलेल्या दिसल्या पाहिजेत. तारांवर प्लॅस्टिक ओतून बंद केलेलं टोक असेल, विशेषतः चार मोठ्या पिनांच्या जुन्या मोलेक्समधून साटा काढणारं, तर घेऊ नकोस. आतल्या तारा एकमेकींजवळ सरकून तशी टोकं जळालेली मी पाहिलीत.

एवढं झालं की पॉवर बटणाच्या दोन बारीक तारा मॅन्युअल बघून लाव, कूलरच्या पंख्याची केबल लाव आणि पहिल्यांदा चालू कर. रॅमची एकच पट्टी. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरामागे ‘एफ’ लागतो त्यात ग्राफिक्स नसतं, मग कार्डाशिवाय चित्र येणार नाही. हे आधी बघून घे.) डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. तेव्हा घाबरून करंट बंद करू नकोस. बायोस, म्हणजे बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन, दिसलं की करंटचं काम झालं. बंद कर, प्लग काढ.

एम.टू एसएसडीला करंटची वेगळी केबल लागत नाही, डेटाचीही नाही. दोन्ही त्या स्लॉटमधूनच मिळतं, ३.३ व्होल्टवर. पट्टीवर २२८० लिहिलं असेल, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. बोर्डावर स्लॉट दोन असतील तर प्रोसेसरच्या जवळचा घे, तो साधारणपणे थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. दुसरा स्लॉट वापरला तर कित्येक बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात. मॅन्युअलमध्ये ते एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

पट्टी आडवी ढकलायची नाही. साधारण ३० अंशांनी तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. सोडलीस की ती तिरकीच उभी राहते, ते बरोबर आहे. मग बोटानं खाली दाबून टोकाला स्क्रू. तो स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात नखाएवढ्या पिशवीत असतो, खोकं टाकायच्या आधी शोध. स्क्रू बसतो तो पितळी आधार ८० च्याच भोकात आहे ना ते बघ, नाहीतर पट्टी वाकते. स्क्रू फिरायचा थांबला की थांब, आवळू नकोस. वर बोर्डाचं हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) बसणार असेल तर त्याच्या खालच्या मऊ पट्टीवर पारदर्शक किंवा निळी फिल्म असते, ती सोल. एसएसडीवरचं स्टिकर मात्र सोलू नकोस, वॉरंटी जाऊ शकते.

पट्टी एनव्हीएमई आहे की साटा हेही बघून घे, या डेटा नेण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. दोन्ही एम.टू आकारात येतात आणि काही स्लॉट फक्त एनव्हीएमईच ओळखतात. साधारणपणे एनव्हीएमईला एक खाच आणि साटाला दोन. वेगातही मोठा फरक आहे: साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतं, जेन ३ ची (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जाते, जेन ४ ची ७,००० पर्यंत. हे आकडे मोठ्या फाईली सरळ वाचताना येतात. रोजच्या वापरात जेन ३ आणि ४ मधला फरक तुला जाणवणार नाही, त्यासाठी जास्त पैसे घालू नकोस.

आता विंडोज. मशीनमध्ये ही एकच एसएसडी असताना इन्स्टॉल कर. दोन डिस्क असल्या तर विंडोज कधीकधी चालू होण्याच्या फाईली दुसऱ्या डिस्कवर टाकतं, आणि इन्स्टॉल करणारा माणूस कधीकधी भलतंच पार्टिशन पुसतो. रात्री अकरा वाजता थकलेल्या डोळ्यांना ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ सारखेच दिसतात. पुसायला समोर दुसरी डिस्कच नसली तर प्रश्नच येत नाही. एसएसडी बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही असं झालं तर ती खराब नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे व्हीएमडी नावाची सोय चालू असली की असं होतं. बायोसमध्ये ती बंद कर किंवा बोर्डाच्या कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉलरला दाखव. आणि १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. कुणी फसवलं नाही, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं.

हे सगळं दोन-चार दिवस नीट चाललं की मग आजोबांची डिस्क घे. आधी नको.

बंद करून, प्लग काढून, डिस्क तिच्या जागेत चार स्क्रूंनी घट्ट बसव. हिचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. बारीक आट्यांचे २.५ इंची एसएसडीचे असतात, ते इथं लावून आटे खराब करू नकोस. डिस्क तारांवर लोंबकळत किंवा स्पंजवर ठेवून चालवायची नाही. साटाची दोन्ही टोकं इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची असतात, लहान सात पिनांचं डेटाचं आणि मोठं पंधरा पिनांचं करंटचं. आत एक पातळ प्लॅस्टिकची जीभ असते. केबल वाकडी ओढली की ती जीभ तुटते आणि डिस्क चांगली असूनही जोडता येत नाही. सरळ घालायचं, काढताना केबल धरून न ओढता टोक धरून सरळ काढायचं.

चालू करताना कान डिस्कशी ने. एकसारखा घुंऽऽ आवाज आला आणि मधूनमधून बारीक कुरकुर, तर छान. टक्... टक्... टक्... असा ठेक्यानं आवाज येत राहिला तर त्याच क्षणी बंद कर आणि परत परत लावून बघू नकोस. आतलं वाचणारं डोकं अडखळतंय, प्रत्येक प्रयत्नात थोडं थोडं जातं. मग ती डेटा काढून देणाऱ्या माणसाकडेच न्यायची.

विंडोजमध्ये जुनी डिस्क आपोआप नव्या अक्षरानं दिसली पाहिजे. ‘फॉरमॅट करायचं का’ किंवा ‘इनिशियलाइझ करायचं का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’. नवीन कोरी डिस्क असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करावीच लागते, त्याशिवाय ती दिसतच नाही. पण इंटरनेटवरचा तो सल्ला जुन्या, भरलेल्या डिस्कसाठी नाही. ‘या फोल्डरला परवानगी नाही’ असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाब, जुन्या विंडोजच्या यूजरची फोल्डरं तसं विचारतात, त्यात काही बिघाड नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्क पिवळी किंवा लाल दाखवली तर बाकी काही न करता आधी कॉपीला लाग. १०० जीबीच्या मोठ्या फाईली अशा डिस्कवरून यायला वीसेक मिनिटं लागतील, हजारो बारक्या फाईली असतील तर कितीतरी जास्त.

कॉपी चालू असताना करंट जाणार हे धरून चाल. वळवाचे दिवस असतील, आभाळ गडगडत असेल, तर त्या दिवशी कॉपीच करू नकोस आणि पीसीचा प्लग व इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेव. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं निवडायचं बटण आहे का बघ. नॉर्मलवर असताना करंट गेल्यापासून बॅटरी लागेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, पीसीला नाही. एसएमपीएस आतल्या कपॅसिटरवर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. म्हणून इन्व्हर्टर असूनही पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएसवर केलं की बहुतेक वेळा थांबतं. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस कार्ड नसलेल्या तुझ्या मशीनला पुरेल. तो ३६० वॉटच्या आसपास असतो आणि नीट बंद करण्याएवढी मिनिटं देतो.

भजनं एसएसडीवर घेतलीस की एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर किंवा ऑनलाइन ठेव. आणि प्रत्येक फाईल उघडून ऐक, नुसतं नाव दिसतंय म्हणून समाधान मानू नकोस. जुन्या डिस्कवरच्या फाईली कधी सुरुवातीला नीट वाजतात आणि मधेच तुटतात, म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी ऐकून बघ. आजीला शेजारी बसव. कुठला अभंग मधेच तुटला तर तिला आधी कळेल. हे होईपर्यंत जुनी डिस्क पुसायची नाही, त्यानंतरही काढून वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेव.

वायरमननं अर्थिंगचे आकडे काय सांगितले ते लिही, आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर आहेत तेही. पुढच्या वर्षी कार्ड कुठलं झेपेल ते मी त्यावरून सांगतो.